डोके शेवटी, कंबर आधी

पाण्यात पडलेला माणूस सर्वांत आधी काय करतो? डोके वर काढतो. त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. श्वास कोंडला की मान आपोआप ताठ होते आणि नाक-तोंड हवेच्या शोधात वर धावते. ही जन्मजात प्रवृत्ती आहे आणि एरवी ती आपला जीव वाचवते. परंतु खळाळत्या पाण्यात उलटलेल्या कनूमध्ये हीच प्रवृत्ती माणसाला पुन्हा पाण्याखाली ढकलते. पुष्कळांचे खांदेही याच घाईत निखळतात. कनूचा ‘रोल’, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच परत सुलटी करण्याची क्रिया, सुधारायची असेल तर प्रथम या प्रवृत्तीवर ताबा मिळवावा लागतो. दंडाची ताकद हा त्यानंतरचा, आणि खरे तर बराच गौण, विषय आहे.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग आणि कयाकिंगसाठी येणाऱ्यांची गर्दी आता नवी राहिलेली नाही. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून खाली सुटते. त्यामुळे इतर नद्या आटतात त्या दिवसांतही येथे वेगवान प्रवाह मिळतो. मध्य प्रदेशात महेश्वरला, जेथून अहिल्याबाई होळकरांनी राज्यकारभार केला तेथेच, नर्मदेच्या सहस्रधारेच्या खडकाळ पात्रात २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कनू स्लालमच्या शर्यती झाल्या. म्हणजे हा खेळ आता केवळ परदेशातल्या चित्रांत पाहण्याचा राहिलेला नाही. आपली मुले-मुली त्यात उतरत आहेत. अशा वेळी त्यांचा खांदा, कान, श्वास आणि जीव यांची काळजी कशी घ्यावी हा आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

कनू आणि कयाक

आपल्याकडे या दोन होड्यांची नावे सर्रास एकमेकींना दिली जातात. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनूमध्ये तो गुडघ्यांवर बसतो, मांड्या पट्ट्यांनी आवळलेल्या असतात आणि वल्ह्याला एकच पाते असते. गुडघ्यांवर बसल्यामुळे शरीराचा भार उंचावर राहतो. म्हणून कनू उलटायला सोपी आणि सुलटी करायला थोडी अवघड. एकच पाते असल्याने बहुतेक खेळाडूंची रोलची एक बाजू ठरलेली असते. होडी कोणत्याही बाजूला उलटली तरी पाण्याखाली आधी वल्हे आपल्या बाजूला आणावे लागते आणि मगच उठावे लागते.

कनू वरून बंद असेल तर खेळाडूच्या कमरेभोवती रबरी पडदा असतो. तो होडीच्या तोंडावर ताणून बसवला की पाणी आत येत नाही. उघड्या कनूत मात्र पाणी भरते. ते कमी भरावे म्हणून होडीच्या दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या घट्ट बांधलेल्या असाव्या लागतात. त्या नसतील तर उघड्या कनूचा रोल करण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये.

जन्म गरजेतून

रोल ही काही सर्कशीतली कसरत नव्हे. ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी ही विद्या गरजेपोटी घडवली. त्यांचा कातडी अंगरखा कयाकच्या तोंडाला बांधलेला असे आणि समुद्राचे पाणी बर्फासारखे थंड. होडीतून बाहेर पडून पोहणे म्हणजे मृत्यूच. म्हणून होडी सोडायची नाही, होडीसकट वर यायचे, हा नियम झाला. ऑस्ट्रियाच्या एदी हान्स पावलाटा याने १९२७ साली त्यांच्यासंबंधीच्या वर्णनांवरून हा रोल स्वतः शिकून घेतला आणि युरोपात त्याचा प्रसार सुरू झाला. जिनो वॉटकिन्स या इंग्रज संशोधकाने तर ग्रीनलंडमध्ये जाऊन तेथील लोकांकडूनच ही विद्या घेतली. परंतु १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो एकटाच शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक सापडली, तो सापडला नाही. रोल येत असलेल्या माणसानेही पाण्यावर एकटे जाऊ नये, याला यापेक्षा बोलका पुरावा कशाला हवा?

आज रोलला खेळातही मानाचे स्थान आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कयाक क्रॉस ही शर्यत प्रथमच घेतली गेली. तीत प्रत्येक खेळाडूला ठरावीक जागी पूर्ण रोल करावाच लागतो.

रोल का फसतो?

माणसाचे डोके साधारण चार-पाच किलो वजनाचे असते. पाण्यात असेपर्यंत हे वजन पाणी पेलते, त्यामुळे ते जाणवत नाही. डोके पाण्याबाहेर आले की तो सगळा भार एकदम शरीरावर येतो. होडी अजून आडवी असतानाच हा भार वर काढायचा म्हणजे होडीला पुन्हा उलट दिशेने ढकलण्यासारखे आहे. नवखा खेळाडू डोके वर काढतो, एक अर्धवट श्वास मिळतो न मिळतो तोच होडी त्याला परत आत घेते. मग तो जास्त घाबरतो, वल्ह्याला जास्त जोर लावतो, पाते पाण्यात खोल जाते आणि आधारच नाहीसा होतो. तीन-चार वेळा असे झाले की त्याची ठाम समजूत होते की आपल्या दंडात ताकद कमी आहे. मग तो व्यायामशाळेत जाऊन डंबेल्स उचलू लागतो. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, अशातला हा प्रकार.

वस्तुतः होडी सुलटी करण्याचे काम कंबर आणि गुडघा करतात. वल्हे फक्त क्षणभर टेकायला आधार देते. ज्या बाजूला वल्हे, त्या बाजूचा गुडघा वर ओढला की कंबरेखालची होडी फिरू लागते. या वेळी डोके त्याच बाजूच्या खांद्यावर टेकलेले, कान जणू पाण्याला लागलेला असावा. होडी जवळजवळ सुलटी झाली की धड होडीवर पुढे वाकलेल्या स्थितीत आत येते आणि सर्वांत शेवटी डोके. क्रम लक्षात ठेवा : होडी, धड, डोके. ज्यांचा भर ताकदीवर नसतो अशा मुली आणि सडपातळ मुले रोल पुष्कळदा लवकर शिकतात, त्याचे कारण हेच.

चार टप्पे

पहिला टप्पा वाकण्याचा. उलटताक्षणी पुढे वाकून कपाळ होडीच्या पृष्ठभागाजवळ न्यावे. त्यामुळे चेहरा आणि छाती खडकांपासून वाचते, आणि आदळलेच तर हेल्मेटवर आदळते. मागे रेलणारा खेळाडू आपला चेहरा खडकांसमोर उघडा करतो आणि खांदाही धोक्यात घालतो.

दुसरा टप्पा थांबण्याचा. वल्हे आपल्या बाजूला, होडीला समांतर, पाण्याच्या पृष्ठभागावर आणावे. हाताला हवा लागली पाहिजे. येथे मनात सावकाश एक-दोन म्हणावे. बहुतेक फसलेले रोल येथेच फसतात, कारण वल्हे जागेवर येण्याआधीच खेळाडू उठायची धडपड करतो. शांतपणे बसलेला निरोगी माणूस जमिनीवर अर्धा मिनिट श्वास सहज रोखू शकतो. पाण्यात, भीतीत आणि थंडीत हा वेळ बराच कमी होतो हे खरे. तरीही चांगला रोल दोन-तीन सेकंदांत आटोपतो. म्हणजे वेळ असतो, धीर नसतो.

तिसरा टप्पा वल्हे बाहेरच्या बाजूला फिरवून गुडघा ओढण्याचा. पाते पाण्यावरून सरकले पाहिजे, पाण्यात रुतता कामा नये. दोन्ही हात छातीसमोर आणि कोपरे अंगाजवळ असावीत.

चौथा टप्पा आत येण्याचा. कनूमध्ये या वेळी पात्याची मागची बाजू पाण्यावर टेकते, कोपरे दांड्याच्या वर असतात आणि नाक होडीच्या पृष्ठभागाला लागेल इतके वाकून धड मध्यावर येते. ताठ उठून बसण्याची घाई केली की भार उंच जातो आणि होडी पुन्हा कलंडते.

सराव कोठे आणि किती

पहिला धडा रोलचा नव्हे, बाहेर पडण्याचा. उलट्या होडीत पट्टे सोडणे, पडद्याचा पुढचा फास ओढणे आणि बाहेर येणे हे डोळे मिटूनही जमले पाहिजे. बाहेर पडता येते ही खात्री असली की मनातली निम्मी भीती जाते आणि मगच डोके शांतपणे खाली ठेवता येते.

दुसरा धडा जलतरण तलावाच्या काठाशी. कठड्याला हाताने हलके धरून होडी आडवी करावी आणि केवळ कंबर-गुडघ्याने ती सुलटी करावी. कठड्यावर भार किती पडतो याकडे लक्ष द्यावे. हळूहळू तळहाताऐवजी दोन बोटांवर काम झाले पाहिजे. नंतर कठड्याच्या जागी सोबत्याचे हात घ्यावेत. त्यानंतर वल्हे हाती घ्यावे. सोबत्याने कमरेइतक्या पाण्यात शेजारी उभे राहावे आणि रोल फसल्यास होडी सुलटी करून द्यावी.

सराव एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक करू नये. दमलेले शरीर चुकीची हालचाल करते आणि तीच अंगवळणी पडते. संथ पाण्यात दहापैकी नऊ वेळा रोल जमू लागला की हलक्या प्रवाहात, खाली खोल पाणी आणि शेवटी शांत डोह असेल अशा ठिकाणी सराव करावा. तलावातला रोल ठरवून केलेला असतो, नदीतला अचानक करावा लागतो. म्हणून तलावातही वल्हे एका हातात असताना, वेडेवाकडे, न सांगता उलटून पाहावे. सराव सुरू करण्याआधी जोरजोरात भराभर श्वास घेण्याची काहींना सवय असते. ती घातक आहे. त्यामुळे श्वास घेण्याची तातडी जाणवत नाही आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो.

खांदा जपा

मांडीचा सांधा खोल वाटीत बसवलेला असतो. खांद्याचा सांधा मात्र उथळ बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा आहे. म्हणूनच आपला हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही. हात डोक्याच्या वर आणि पाठीमागे गेलेला असताना प्रवाहाने वल्ह्याला झटका दिला की हा चेंडू पुढे सरकून बाहेर येतो. यावर उपाय सोपा आहे. हात नेहमी आपल्या डोळ्यांसमोर असावेत. मागे वळायचे तर कमरेतून सगळे धड वळवावे, हात एकटा मागे नेऊ नये.

खांदा निखळला तर त्याची गोलाई जाते, हात अंगापासून थोडा दूर राहतो आणि वेदना असह्य असतात. अशा वेळी काठावरच्या कोणाही उत्साही माणसाला किंवा हाड बसवणाऱ्याला तो ओढू देऊ नका. शेजारून जाणाऱ्या शिरा आणि रक्तवाहिन्यांना इजा होते, कधी हाडही मोडलेले असते. हात आहे त्या स्थितीत उपरण्याच्या किंवा ओढणीच्या झोळीत आधार देऊन ठेवा आणि रुग्णालयात जा. एक्स-रे काढूनच पुढचे उपचार व्हावेत. तरुण वयात खांदा एकदा निखळला की तो पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो. म्हणून दुखणे थांबले की लगेच पाण्यात जाऊ नये. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खांद्याभोवतीचे स्नायू पूर्ववत बळकट झाले पाहिजेत.

घरच्या घरी करण्यासारखे व्यायामही आहेत. कोपर अंगाला टेकवून रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढणे, वक्रासन, आणि पुढे वाकण्याची आसने. कनूतली बैठक बरीचशी वज्रासनासारखी असते. खुर्चीची सवय लागलेल्या पिढीला पाच मिनिटांतच पायाला मुंग्या येतात. रोज थोडा थोडा वेळ वज्रासनात बसून ती सवय करावी. गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

कान, नाक आणि नदीचे पाणी

थंड पाणी एका कानात शिरले तर काही क्षण चक्कर येते आणि वर-खाली कळेनासे होते. उलट्या होडीत हे फार महागात पडते. कानात बोळे आणि नाकाला चिमटा लावल्यास नवख्याची निम्मी घाबरगुंडी कमी होते. यात कमीपणा काही नाही. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल तर रोलचा सराव पूर्ण बंद ठेवावा. हृषीकेशच्या गंगेसारख्या थंड पाण्यात अंगाला पाणी लागताच एकदम धाप लागते. म्हणून तेथे उतरण्याआधी चेहरा आणि मान पाण्याने ओली करून घ्यावी आणि योग्य कपडे घालावेत.

पावसाळ्यात कोकणातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अंगावर जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरू नये. नदीत जाऊन आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे आणि आपण नदीत उतरलो होतो हे आवर्जून सांगावे. फीट येणारे, हृदयविकार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि गर्भवती स्त्रिया यांनी हा खेळ टाळावा. मद्य घेतलेल्या माणसाला काठावरच बसवावे, मग तो कितीही मोठा पाहुणा असो.

हट्ट नको

लाइफ जॅकेट आहे, पोहता येते, मग रोलची गरज काय, असे काही जण विचारतात. होडीतून बाहेर पडलेल्या माणसाचे पाय आणि पाठ खडकांवर आपटतात. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न केला तर पाऊल दगडांच्या फटीत अडकते आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो. म्हणून होडीतच राहून सुलटे होणे केव्हाही चांगले.

पण याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दोन किंवा फार तर तीन प्रयत्नांत रोल जमला नाही तर होडी सोडून बाहेर यावे. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत आणि जमेल तसे काठ गाठावा. सोबती पाहत आहेत, मोबाइलवर चित्रण चालू आहे, म्हणून चौथा-पाचवा प्रयत्न करणारा धाडसी नसतो, अविचारी असतो. आपल्याकडे ‘पोरगं पोहत बाहेर आलं’ म्हणून हसण्याची जी वाईट खोड आहे, ती आधी मोडली पाहिजे.

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला संथ पाण्यात होडीतून बाहेर पडता येत नाही आणि भरवशाचा रोल येत नाही, त्याला एकट्याच्या कनूत किंवा कयाकमध्ये बसवून खळाळत्या पाण्यात सोडू नये. मग त्याने पैसे कितीही भरलेले असोत. शिबिर चालवणाऱ्यांनी ही चाचणी आपणहून ठेवावी. ज्या नगरपालिकांकडे जलतरण तलाव आहेत त्यांनी आठवड्यातून एखादा तास अशा सरावासाठी द्यावा. त्यात फार खर्च नाही. आणि पालकांनी मुलांना शिबिरात धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : बाहेर पडायला आधी शिकवता का? रोलचा सराव संथ पाण्यात करून घेता का? प्रवाहात मुलांबरोबर बचावासाठी कोण असते? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे आणि मूल दोन्ही घरी ठेवावे.

नदीशी जोर करून कोणी जिंकलेले नाही. पाण्याखाली दोन सेकंद डोके शांत ठेवायला शिकलेला मुलगा वा मुलगी नदीतून धडधाकट परत येते. ते दोन सेकंद शिकवायला एखादा संथ तलाव, एक जाणता सोबती आणि थोडा संयम एवढेच लागते.